नंदाबाईचं पथ्य

भाजे गावात कुणाच्या अंगावर नागीण उठली, की घरातलं माणूस आधी नंदाबाईच्या दारात यायचं आणि दवाखान्याचा विचार मग व्हायचा. नागीण म्हणजे पाठीला, कमरेला, कधी कपाळाला एकाच बाजूनं उठणारा पाण्याच्या फोडांचा पट्टा. डॉक्टर त्याला हर्पिसच्या जातीचा आजार म्हणतात. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू अंगातच दडून राहतो आणि वय झालं, ताकद कमी झाली, की पुन्हा वर येतो. गावाची समजूत वेगळी. नागिणीचं तोंड आणि शेपटी कमरेभोवती फिरून एकमेकांना भिडली की माणूस संपला, असं तिथं लहानथोर सगळे धरून चालतात. ती भिडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना गेरूची रेघ ओढायची, हे नंदाबाईचं काम.

हे काम तिला सासूकडून आलं. बाकी तिच्याकडं होती भाताची दोन खाचरं, एक म्हैस आणि नवऱ्याच्या माघारी एकटीनं रेटलेली तीस वर्षं. अंगात होतं तोवर ती दुसऱ्यांच्या शेतात लावणीला गेली, आणि सत्तरी उलटल्यावरही शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना ताक विकत बसायची. पण गावात मान होता तो तिच्या हाताला. एका ग्रहणात सासूनं तिला इंद्रायणीत कमरेइतक्या पाण्यात उभं केलं आणि मंत्र दिला, पथ्य दिलं. लेप काय असतो ते गावाला ठाऊक होतं: गेरू, दूर्वांचा रस आणि थोडं तूप. पथ्य मात्र ती फक्त रोग्याच्या कानात सांगायची. तीन दिवस अंगाला सुई लावायची नाही, ताक, चहा, कालवण सगळं बंद, आणि पाणी फक्त घास खाली उतरण्यापुरतं. पाण्यानं फोड भरतात, नागीण फुगते, असं सासूचं म्हणणं. हे पथ्य तिसऱ्या कानाला गेलं, तर सांगणारीच्या हाताचा गुण कायमचा जातो आणि त्या वेळी ज्याच्या अंगावर लेप असेल तो दगावतो, हेही सासूनंच बजावलं होतं.

नंदाबाईनं ते जिवापाड जपलं. लेपाचं तिनं कधी कुणाकडून काही घेतलं नाही, नारळसुद्धा देवळात फोडायला लावायची. तिच्या हातून शेकडो नागिणी उतरल्या. खरं म्हणजे त्यातल्या बहुतेक दोन-तीन आठवड्यांत आपल्या आपणच सुकणार होत्या, पण हे गावात सांगणार कोण आणि सांगितलं तरी ऐकणार कोण?

महिपती हा तिचा धाकटा भाऊ. दोघांचा जन्म इंदुरीचा. आई गेली तेव्हा नंदा दहा वर्षांची होती आणि महिपती जेमतेम पावलं टाकत होता. वडील कामाला गेले की ही पोर त्याला काखेला मारून पाणी भरायची, चूल पेटवायची, भाकरी थापायची. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं, तेव्हा सात वर्षांचा महिपती तिच्यामागं रडत भाज्याला आला आणि वर्षभर तिच्याच सासरी राहिला. पुढं तो रेल्वेत गँगमन झाला, बेगडेवाडी ते तळेगाव रूळ ठोकत त्याचा जन्म गेला. निवृत्त होऊन स्टेशनाजवळ त्यानं दोन खोल्या बांधल्या. बायको वारली होती, मुलगा सत्यम कंपनीच्या कामावर गुजरातेत. घरात सून अमृता आणि तो. अमृता तळेगावच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जायची, सकाळी साडेसहाला घर सोडायची ती चारला यायची. सुनेचं तो ऐकून घ्यायचा, मुलाचं कधी ऐकायचा कधी नाही. अक्काचा शब्द मात्र त्यानं आयुष्यात कधी खाली पडू दिला नव्हता.

गेल्या भाद्रपदात महिपतीच्या उजव्या बरगडीखाली भाजल्यागत दुखायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी फोड उठले. अमृता शहाणी पोर. तिनं सुट्टी टाकली आणि त्याला तळेगावला डॉक्टरांकडं नेलं. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत आलात हे बरं केलंत, असं डॉक्टर म्हणाले. विषाणूवरच्या गोळ्या लिहून दिल्या, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. बरं वाटलं तरी मध्येच थांबवायच्या नाहीत, एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आणि पाणी भरपूर प्यायचं, कारण हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं आणि पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडात अडकतं. महिपतीला पंधरा वर्षांची साखर होती म्हणून उद्याच रक्त तपासून घ्या, मूत्रपिंडं नीट नसतील तर गोळ्या कमी कराव्या लागतील, असंही त्यांनी सांगितलं. आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, असं विचारल्यावर महिपतीनं साखरेची गोळी सांगितली. गुडघ्यासाठी तो रोज मेडिकलमधून आणून खायचा ती सांगितली नाही. ती त्याच्या लेखी औषध नव्हतंच, सवय होती.

घरी आल्यावर त्यानं अक्काला फोन केला. नंदाबाई म्हशीचं शेजारणीकडं सोपवून, गेरूची पुडी कनवटीला लावून मळवलीहून लोकलनं दुपारीच बेगडेवाडीला आली. अमृताला जरा धाकधूक होती, पण नंदाबाईनं गोळ्यांना नावं ठेवली नाहीत. डॉक्टरचं डॉक्टरपाशी आणि माझं माझ्यापाशी, दोन्हीचा गुण येईल, असं ती म्हणाली. अमृतालाही ते पटलं. लेपानं काय बिघडणार होतं? तिनं आत्याला गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या, आणि नंदाबाईला वाचता येत नसल्यामुळं महिपतीनं त्या वेळा जाणाऱ्या-येणाऱ्या लोकलशी जुळवून दिल्या. मग सून चहा टाकायला आत गेली तेवढ्यात नंदाबाईनं भावाच्या फोडांना लेप लावला, रेघा ओढल्या आणि वाकून त्याच्या कानात पथ्य सांगितलं. त्यानं मान हलवली.

पुढचे तीन दिवस नंदाबाईनं त्याची जी सेवा केली, तिला तोड नव्हती. एकही गोळी चुकू दिली नाही. पाचही वेळा ती गोळी हातावर ठेवायची आणि एक घोट पाणी द्यायची, एकच. खायला कोरडी भाकरी आणि भाजलेला पापड. अमृता सकाळी जाताना उशाशी दोन लिटरची पाण्याची बाटली भरून ठेवायची आणि आल्यावर ती रिकामी बघून खूश व्हायची. महिपती ती दारातल्या पपईला घालत होता. रक्त तपासायचं अमृतानं दोनदा काढलं, दोन्ही वेळा तो आज नको म्हणाला. तिनं डोक्याला हात लावला, पण रोग्याशी भांडायचं तरी किती?

शनिवारी सकाळपासून महिपतीचं काहीतरी बिनसलं. हात थरथरायला लागले. भिंतीकडं बघून तो, गाडी येतीया, बाजूला व्हा, असं कुणाला तरी सांगू लागला. वारलेल्या गँगमनांची नावं घेऊन हाका मारू लागला. आदल्या दिवसापासून तो लघवीलाही गेला नव्हता, हे नंदाबाईच्या आता ध्यानात आलं. नागीण भिडली, दुसरं काय, असं वाटून तिनं त्याला कुशीवर वळवलं आणि सदरा वर केला. फोड उजव्या अंगालाच होते. पोटाकडची रेघ जिथल्या तिथं होती, पाठीकडचीही. फोड सुकायला लागले होते, त्यांच्यावर खपली धरत होती. डाव्या अंगाला तर सगळी कातडी कोरी. तोंड आणि शेपटीत वीतभर नाही, चांगलं हातभर अंतर होतं. नागीण उतरत होती आणि भाऊ चालला होता. एवढ्या वर्षांत असं तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि ती भ्याली.

चारला अमृता आली, तिनं एक नजर टाकली आणि शेजारच्यांची रिक्षा बोलावली. तळेगावच्या एका दवाखान्यात त्याला भरती केलं. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी महिपतीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, हात पुढं धरायला लावले, रक्त तपासायला पाठवलं आणि अमृताला प्रश्न विचारले. पाणी किती पितात? अमृता म्हणाली, रोज दोन लिटर तरी, मी स्वतः बाटली भरून ठेवते. आणखी कुठल्या गोळ्या? फक्त साखरेची. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

त्यांनी सगळं साध्या शब्दांत सांगितलं. माणूस असा बरळतो त्याची दोन कारणं असू शकतात. एक, विषाणू मेंदूपर्यंत पोचला असेल. दोन, मूत्रपिंडं थकली असतील आणि या गोळ्यांचं औषध अंगात साचून डोक्याला चढलं असेल.

"पहिलं असेल तर हेच औषध मला शिरेतून, जास्त जोरात द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "दुसरं असेल तर हेच औषध थांबवावं लागेल. चुकून उलट झालं तर त्यांना झेपणार नाही. पाणी भरपूर होतं म्हणता, म्हणून माझं मन पहिल्याकडं जातंय."

नंदाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण हे तिला लख्ख कळलं. ही बाई आत्ता जे ठरवणार होती ते एका खोट्या बाटलीवर ठरवणार होती, आणि ती बाटली खोटी आहे हे त्या खोलीत फक्त नंदाबाईला ठाऊक होतं. बाटली कुठं जात होती ते तिनं पाहिलं होतं. पाहून मनातून सुखावलीही होती, भाऊ पथ्य पाळतोय म्हणून.

तेवढ्यात नर्सनं पाण्याचा पेला महिपतीच्या ओठाला लावला, गिळता येतंय का बघायला. त्यानं तोंड घट्ट मिटलं. नर्सनं पुन्हा लावला, त्यानं मान फिरवली. स्वतःचं नाव त्याला धड सांगता येत नव्हतं, सुनेला त्यानं ओळखलं नव्हतं, पण पाणी प्यायचं नाही हे त्याला आठवत होतं. कोरडे, भेगाळलेले ओठ मिटून तो अक्काकडं बघत राहिला.

नंदाबाईला सासूचं बजावणं आठवलं. सांगितलं तर लेप अंगावर असलेला माणूस दगावतो, आणि अंगावर लेप होता तो त्याच्या, तिनं काखेला वाहिलेल्या पोराच्या. पन्नास वर्षं तिनं यावर विश्वास ठेवला होता, तो एका घटकेत जात नसतो. खरं सांगायचं तर त्या घडीला तो गेलाही नव्हता. सांगितलं तर मी त्याला मारते आणि नाही सांगितलं तरी मीच मारते, असं तिला वाटत होतं. तिनं गेरूच्या रेघा आठवल्या, कोरी डावी कूस आठवली. मग ती पुढं झाली.

"बाई, ह्यानं पानी प्यालंच न्हाई," ती म्हणाली. "तीन दिस. म्या बंद केलंवतं."

अमृता वळून बघायला लागली. नंदाबाई थांबली नाही. सुई नाही, ताक नाही, कालवण नाही, गोळीबरोबर एक घोट, दिवसाचे पाच घोट, सगळं पथ्य तिनं एका दमात सांगितलं. बाटली पपईला गेली तेही सांगितलं. मग तिला आणखी एक आठवलं आणि तिनं महिपतीच्या सदऱ्याच्या खिशातून गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. ह्यासुद्धा रोज खातो, म्हणाली. हे बोलून झाल्यावर तिनं भावाकडं पाहिलं. तो दगावला नव्हता. अजूनही तोंड मिटून तिच्याकडंच बघत होता.

डॉक्टर तिच्यावर रागावल्या नाहीत. रागावायला त्यांना वेळच नव्हता. गोळ्या थांबवल्या, सलाईन लावलं, लघवी मोजायला नळी घातली. तासाभरानं रक्ताचा रिपोर्ट आला, मूत्रपिंडं थकल्याचंच त्यात निघालं. पाण्यावाचून राहिलेलं अंग, साखरेनं आधीच कमजोर झालेली मूत्रपिंडं, त्यात गुडघ्याच्या गोळ्यांचा मारा, आणि या सगळ्यावर ते औषध पुरेपूर. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांशी त्या फोनवर बोलल्या. गरज पडली तर मशीनवर रक्त शुद्ध करावं लागेल म्हणाल्या आणि अमृताची सही घेतली.

जाता जाता त्या नंदाबाईला म्हणाल्या, "मावशी, त्यांना पाणी तुम्हीच पाजा. आमच्या हातून ते घेत नाहीत."

नंदाबाईनं पेला घेतला. पथ्य सरलं, आता पी, असं ती त्याच्या कानाशी म्हणाली, आणि महिपतीनं तोंड उघडलं.

मशीनची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी लघवी सुटली, तिसऱ्या दिवशी त्यानं अमृताला नावानं हाक मारली. डॉक्टरांनी नंदाबाईला बसवून सांगितलं की गोळ्यांत खोट नव्हती. त्या वेळेवर सुरू झाल्या म्हणून फोड लवकर सुकले. पण हे औषध ज्याला त्याला त्याच्या मूत्रपिंडाच्या ताकदीप्रमाणं द्यावं लागतं, सोबत पाणी लागतं, आणि रोगी आणखी काय काय घेतो, काय काय टाळतो हे डॉक्टरला ठाऊक असावं लागतं. कुणी चक्रावल्यासारखं बोलू लागलं, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नंदाबाई एकेक शब्द ऐकत होती. असं आधी कुणाचं झालं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. पूर्वी नागिणीनं गेलेली दोन म्हातारी माणसं तिच्या डोळ्यांपुढं आली. त्यांच्या घरी गोळ्या होत्या की नव्हत्या, हे तिला ठाऊक नव्हतं आणि आता कळणारही नव्हतं.

आठव्या दिवशी महिपती घरी आला. बरगडीखाली ठणका राहिला होता, तो काही महिने राहील असं डॉक्टर म्हणाले होते. अमृता कामावर गेली होती. नंदाबाईनं त्याला पाण्याचा तांब्या दिला, त्याचं पिणं होईतो थांबली, आणि मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. नागिणीनं नव्हे, माझ्या पथ्यानं तू मरणाच्या दारात गेला होतास. माझ्यावर राग धर, मला दोन शब्द बोल. तिला खरोखरच ते हवं होतं.

महिपतीनं रिकामा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "अक्का, तुला म्हाईत न्हवतं. मला म्हाईत व्हतं. डाक्टरनी सांगितलंवतं मला, पानी न्हाई प्यालास तर गोळ्या बाधतील म्हून."

"मंग का न्हाई प्यालास?"

"तू नको म्हनालीवतीस," तो म्हणाला.

त्यात तक्रार नव्हती. उलट, यात विचारण्यासारखं काय आहे, असाच त्याचा चेहरा होता. नंदाबाई पदर तोंडाशी धरून रडली. एवढी ती नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती.

भाज्याला परतल्यावर लसीकरणाच्या दिवशी ती शाळेच्या वऱ्हांड्यात गेली. गावची आशा सेविका राजेश्वरी तिथं पोरंबाळं घेऊन आलेल्या बायकांची नावं लिहीत होती, गावातली म्हातारी माणसंही रक्तदाब बघायला बसली होती. नंदाबाई मध्ये उभी राहिली आणि पन्नास वर्षं कानात सांगत आलेलं पथ्य तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत आवाजात म्हटलं. मग, हे कुणी पाळायचं नाही, असं सांगितलं. नागीण उठली की तीन दिवसांच्या आत दवाखाना, गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्या आणि तितके दिवस, पाणी ते सांगतील तितकं, आणि त्यांच्यापासून काही लपवायचं नाही. भावाचं काय झालं तेही तिनं आडवळण न घेता सांगितलं, स्वतःला कुठं झाकलं नाही.

तिच्याच वयाच्या धोंडाबाईनं, जिची नागीण नंदाबाईनं कधीकाळी उतरवली होती, हळू आवाजात विचारलं, "अगं, सगळ्यांम्होरं बोललीस. तुझा हात गेला की गं आता. असं का केलंस?"

नंदाबाईनं सगळ्यांकडं एकदा पाहून घेतलं.

"तुमी माझं ऐकता म्हून," ती म्हणाली.